टेबलावर बरोबर, खाटेवर चूक: पोटातल्या चुंबकाचा माग

प्रश्न सोलापुरातल्याच एका अभियांत्रिकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांचा आहे. गिळायच्या कॅप्सूलमध्ये छोटे निओडिमियम चुंबक ठेवायचे आणि पोटावरच्या पट्ट्यात चार त्रिअक्षी मॅग्नेटोमीटर (तिन्ही दिशांनी चुंबकीय क्षेत्र मोजणारे सेन्सर) बसवून कॅप्सूल कुठे पोचली ते शोधायचे, असा त्यांचा प्रोजेक्ट. प्रयोगशाळेतल्या लाकडी टेबलावर, पाण्याच्या टबात चूक ३-४ मिलिमीटर येते. तोच पट्टा मित्राच्या पोटाला बांधला, त्याला दवाखान्यातल्या खाटेवर झोपवले आणि चुंबक त्याच्या पोटावरच्या खोक्यात फिरवले, की चूक ३-४ सेंटीमीटर. "सर, अल्गोरिदम बदलू का?"

नको. अल्गोरिदमला हात लावू नका, त्याची काही चूक नाही. तुम्ही त्याला जे आकडे देताय त्यांच्यात चुंबकाखेरीज आणखी दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक मित्राचा श्वास आणि दुसरी खाट. कशा, ते सांगतो.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. बावीस वर्षे इथल्या दवाखान्यांची यंत्रे सांभाळतोय, गेली काही वर्षे मुक्काम जास्त करून कॅथलॅबमध्येच, म्हणजे बारीक नळी घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, असतो. त्यामुळे पुस्तकातले कमी आणि हाताला लागलेले जास्त सांगणार.

आधी थोडे गणित. तुमचे चुंबक ५ मिलिमीटर व्यासाचे आणि ६ मिलिमीटर लांब आहे. एवढ्या निओडिमियमचे क्षेत्र त्याच्या अक्षाच्या रेषेत १० सेंटीमीटरवर साधारण २२ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) भरते. २० सेंटीमीटरवर ते २.८ उरते, कारण अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठपट घटते. हे तुम्हाला पाठ असेल. पण आपल्याला क्षेत्र नको आहे, जागा हवी आहे. म्हणजे चुंबक १ मिलिमीटर सरकले तर आकडा किती हलतो, हा खरा प्रश्न. १० सेंटीमीटरवर तो सुमारे ०.६७ मायक्रोटेस्लाने हलतो, २० सेंटीमीटरवर फक्त ०.०४ ने. इथे घट सोळापट आहे. फोनमधल्या होकायंत्रात असते तसली तुमची चिप साधारण ०.२ मायक्रोटेस्लाच्या आसपास थरथरते. टबात चुंबक १०-१२ सेंटीमीटरच्या आत होते, म्हणून सगळे गोड दिसले. माणसाच्या पोटाला गुंडाळलेल्या पट्ट्यातले काही सेन्सर तेच चुंबकापासून २० सेंटीमीटरवर जातात.

(चुंबकीय क्षेत्र मोजणारे पण कमी बारकाईचे साधे हॉल सेन्सर सोडून या चिप घेतल्यात ते बरे केलेत. स्वस्तातला हॉल सेन्सर आणि १० बिटांचा (म्हणजे १०२४ पायऱ्यांचा) कन्व्हर्टर अशी जोडी असेल तर एक पायरीच साडेतीनशे मायक्रोटेस्लाची पडते. २२ तिथे दिसणारसुद्धा नाही. दर वर्षी एक तरी गट त्यात फसतो.)

आता श्वास. आपल्या भागात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. तुमच्या चुंबकाचा २.८ चा आवाज या ४० च्या गोंगाटात ऐकायचाय. तुम्ही म्हणाल, पृथ्वीचे क्षेत्र स्थिर आहे, सुरुवातीला वजा केले. टेबलावर ते चालते. पट्टा मात्र पोटावर आहे, आणि पोट वर-खाली होते. सेन्सर नुसता एक अंश कलला तरी त्याच्या एखाद्या अक्षावर पृथ्वीचा वाटा ०.७ मायक्रोटेस्लाने बदलतो. २० सेंटीमीटरवर एका मिलिमीटरची किंमत ०.०४ असेल, तर हा एक अंश म्हणजे १७ मिलिमीटर. दोन अंश कलला की साडेतीन सेंटीमीटर. तुमची चूक जेवढी येते तेवढीच. मित्राला दहा सेकंद श्वास रोखायला सांगा आणि त्या दहा सेकंदांचा आलेख वेगळा काढून बघा. रेघ सपाट झालेली दिसेल.

पट्टा लवचिक आहे, हे यातले खरे दुखणे. चार सेन्सर चार दिशांना कलतात, प्रत्येकाची चूक वेगळी. त्याऐवजी सगळे सेन्सर एकाच ताठ अॅक्रिलिक पत्र्यावर पक्के बसवा. मग पत्रा कलला तरी सगळे सारखे कलतील, आणि पृथ्वीचे क्षेत्र सगळ्यांना एकाच प्रकारे बदललेले दिसेल. हे बदललेले क्षेत्र तीन अज्ञात संख्या म्हणून दर वेळी समीकरणातच सोडवून टाकायचे, सुरुवातीला एकदा वजा करून विसरायचे नाही. चुंबकाचे पाच अज्ञात (तीन जागेचे, दोन दिशेचे, स्वतःच्या अक्षाभोवती ते किती फिरले ते कधीच कळत नाही, कारण क्षेत्र तसेच राहते) आणि पृथ्वीचे तीन, मिळून आठ. तुमच्या चार सेन्सरचे बारा आकडे. चार शिल्लक. मी नऊ सेन्सर लावीन, म्हणजे सत्तावीस आकडे आणि एकोणीस शिल्लक. चिपला खर्च फार नाही आणि त्या शिल्लक आकड्यांचा उपयोग पुढे येतोय.

पण नऊ चिप म्हणजे नऊ स्वभाव. कोणाचे प्रमाण दोन टक्क्यांनी जास्त, कोणाचा अक्ष अर्धा अंश तिरका सोल्डर झालेला. पत्रा घेऊन लोखंडापासून लांब मोकळ्यावर जा, सगळ्या दिशांना सावकाश फिरवा आणि प्रत्येक सेन्सरने क्षेत्राची एकूण तीव्रता सारखीच दाखवेपर्यंत गुणक बसवा. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठल्यावर होम मैदानाच्या मधोमध उभे राहिलात तरी चालेल. गड्डा भरलेला असताना मात्र जाऊ नका, त्या पाळण्यांचे लोखंड तुमचे सगळे गुणक खाऊन टाकेल. आणि खिशातला मोबाइल आधी मित्राकडे द्या. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असते.

आता खाट. दवाखान्याची खाट म्हणजे लोखंडी पाइपचा सांगाडा. तो दोन प्रकारे त्रास देतो आणि दुसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिला सरळ आहे: खाटेत स्वतःचे थोडे चुंबकत्व मुरलेले असते. पत्रा हलला नाही तर ते शून्य करताना, म्हणजे चुंबक आणण्याआधीचे आकडे वजा करताना, निघून जाते. दुसरा असा की तुमच्या कॅप्सूलचे चुंबक खाटेच्या लोखंडात तात्पुरते चुंबकत्व जागवते. आरशात प्रतिमा पडावी तशी एक पुसट दुसरी कॅप्सूल गादीखाली तयार होते आणि पहिलीच्या मागे मागे फिरते. ही शून्य करून जात नाही, कारण तुम्ही शून्य करता तेव्हा चुंबक तिथे नसतेच. म्हणून सेन्सर पोटाच्या वर आणि खाट शरीराच्या खाली असेल तर कॅप्सूल पाठीकडे गेली की चूक वाढेल. खोक्यात चुंबक खाली, खाटेकडे नेल्यावर तुमच्या आलेखात तसेच दिसतेय ना? बघून कळवा. उपाय लाकडी दिवाण, नाहीतर जाड फोमची गादी घालून लोखंडापासून शक्य तितके अंतर. शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असेल तर तोही हलवा.

आता त्या शिल्लक आकड्यांबद्दल, कारण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या कॅथलॅबमध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या विकाराची केस चालू होती. मी यंत्रासाठी हजर होतो. अशा केसमध्ये कॅथेटरचे, म्हणजे हृदयात सरकवलेल्या बारीक नळीचे, टोक कुठे आहे ते चुंबकीय क्षेत्राने शोधतात. या पद्धतीत टेबलाखाली तीन कॉइल असतात, त्या वेगवेगळ्या वारंवारतेचे अगदी हलके क्षेत्र सोडतात. कॅथेटरच्या टोकात बारीक सेन्सर कॉइल बसवलेली असते. तिच्यात जी वीज उमटते तिच्यावरून टोकाची जागा निघते, आणि डॉक्टर हृदयाच्या आतल्या भिंतीला ठिकठिकाणी टेकत नकाशा तयार करतात. इस्रायलच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठातल्या गेप्स्टाइन आणि बेन-हाइम यांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हाच चूक मिलिमीटरच्या आत होती. त्या दिवशी डॉक्टरांनी आधी खूण केलेल्या जागी परत टोक टेकवले. फ्लुरोस्कोपीच्या (चालू एक्स-रेच्या) चित्रात टोक त्याच जागी, नकाशावर मात्र सहा मिलिमीटर बाजूला. दोनदा टेकवले, दोनदा तेच. खोलीतले सगळे कॅथेटरकडे संशयाने बघायला लागले, मीही. जोडणी काढून परत लावली, केबल बदलायची तयारी केली. आमचे वॉर्डातले मामा कोपऱ्यात उभे होते, ते म्हणाले, "साहेब, मघाशी ती वरची पेटी खाली घेतली बघा, तेव्हापासून नाटक करालंय."

वरची पेटी म्हणजे एक्स-रेचा डिटेक्टर. चित्र मोठे दिसावे म्हणून कोणीतरी तो छातीपाशी उतरवला होता. वीतभर वर घेतला, खूण जागेवर. परत खाली, परत सहा मिलिमीटर. डिटेक्टरच्या धातूत कॉइलच्या बदलत्या क्षेत्रामुळे भोवरे प्रवाह उठतात, ते स्वतःचे क्षेत्र सोडतात आणि यंत्राला वाटते टोक सरकले.

रुग्णाला काही झाले नाही. पण मला बोचले ते वेगळेच. चूक असताना पडदा तितकाच ठाम होता. रंग तोच, टोकाचे चित्र तसेच स्थिर, दशांशापर्यंत आकडा. यंत्राला जागा विचारली की ते जागा सांगते, बरोबर असो वा नसो. असली यंत्रे धातूचा इशारा देतात, पण तो इशारा पडद्याच्या कडेला असतो आणि डॉक्टरांची नजर मधोमध.

म्हणून शिल्लक आकडे. सत्तावीस आकड्यांतून आठ अज्ञात सोडवल्यावर उत्तर उलटे घालून बघायचे: चुंबक खरेच इथे असते तर प्रत्येक सेन्सरने काय दाखवले असते? प्रत्यक्षात काय दाखवले? यांतला फरक म्हणजे उरलेली तफावत. ती चिपच्या थरथरीएवढी असेल तर उत्तरावर भरवसा ठेवा. तिप्पट-चौपट झाली तर जवळ लोखंड आले आहे, नाहीतर सेन्सर सैल झाला आहे. अशा वेळी पडद्यावर ठिपका दाखवूच नका, किंवा राखाडी करा. एक सावधगिरी: गादीखालची ती प्रतिमा कधी कधी तफावत फार न वाढवताही उत्तर ओढून नेते, म्हणून तफावत कमी म्हणजे सगळे बरोबर असे उलटे धरू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये अचूकतेचा तक्ता आहे, तफावतीचा एकही आलेख नाही. परीक्षक विचारणार नाहीत कदाचित. मी विचारतोय.

तुम्ही पुढे विचारले आहे की स्थिर चुंबकाऐवजी कॅथलॅबसारखे बदलते क्षेत्र वापरू का. घरी एक प्रयोग करून बघा, उत्तर कळेल. तुमच्या आताच्या मांडणीजवळ आधी भाकरीचा लोखंडी तवा आणा, आकडे सैरावैरा पळतील. मग पितळी तांब्या आणा, ढिम्म काही होणार नाही. आता एका कॉइलमधून काही किलोहर्ट्झचा प्रवाह सोडून दुसऱ्या कॉइलने तो पकडा आणि तेच परत करा. तवा त्रास देईलच, पण आता तांब्याही देईल, कारण पितळातून वीज सहज वाहते आणि भोवरे उठतात. म्हणजे बदलते क्षेत्र घेतले की पृथ्वीचे ४० मायक्रोटेस्ला आपोआप गळून पडतात (ते त्या वारंवारतेवर नसतातच), श्वासाने सेन्सर कलण्याचे दुखणे पुष्कळ हलके होते, मात्र भांड्याकुंड्यांतले बाकीचे धातू वैरी होतात. तांबे आणि अॅल्युमिनियम सगळ्यात वाईट. हाडात बसवलेली टायटॅनियमची पट्टी त्यामानाने गरीब, तिच्यातून वीज फार कमी वाहते. फुकट काही नाही, फक्त कोणता वैरी परवडतो ते निवडायचे. पाच-सात मिलिमीटरची बॅटरीवाली कॉइल कॅप्सूलमध्ये बसवणे तुम्हाला या वर्षी जमणार नाही, म्हणून तूर्त चुंबकच बरे.

आणि हे सगळे मुळात चालते ते शरीर चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ पारदर्शक आहे म्हणून. पाण्याने क्षेत्रात फरक पडतो तो लाखात एक भागाएवढा. रेडिओ लहरींचे तसे नाही, त्या ऊतींमध्ये शोषल्या जातात, वळतात. कॅमेऱ्याच्या कॅप्सूलची जागा सुरुवातीला रेडिओच्या जोरावरून काढत, तेव्हा चूक सेंटीमीटरांत मोजावी लागे. जीपीएस का नाही वापरत, हा प्रश्न मला दर वर्षी एकदा येतो. या वर्षीचा कोटा अजून शिल्लक आहे, तुम्ही विचारू नका.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नाही, पण असायला हवी होती. पोटाच्या डॉक्टरांना तुमचे एक्स, वाय, झेड नको असते. लहान आतडे काही मीटर लांब, पोटात वेटोळी घालून बसलेले, आणि वेटोळी जागा बदलत राहतात. नाभीच्या डावीकडे ४ सेंटीमीटर म्हणजे कुठले वेटोळे? डॉक्टर विचारतात, "जठरातून सुटल्यावर किती पुढे गेली?" म्हणजे त्यांना वाटेवरचे अंतर हवे, नकाशावरचा बिंदू नव्हे. एसटी कुठे आहे असे विचारले तर आपण मोहोळ ओलांडले म्हणतो, अक्षांश-रेखांश सांगत नाही. ते अंतर काढायला मिनिटामिनिटाची वाट जोडत जावी लागते, आणि तिथे प्रत्येक श्वासाची खोटी हालचाल बेरजेत भर घालते. कॅप्सूल जागेवर पडून असली तरी आठ तासांत तुमचा कोड तिला किती मीटर चालवतो, ते एकदा बघा. चुंबक टेबलाला चिकटवा, पत्रा मित्राच्या पोटावर, आणि बेरीज चालू ठेवा. आकडा बघून हसाल. ही खोटी हालचाल वजा करायला रुग्णाच्या अंगावरच एक संदर्भ खूण हवी, जिच्या तुलनेत सगळे मोजायचे. हृदयाच्या यंत्रांत त्यासाठीच छाती-पाठीला पॅच चिकटवतात.

दुसरीकडे हेच काम किती प्रकारे झाले आहे ते सवडीने वाचा. कोलोनोस्कोपच्या लांबीभर कॉइल बसवून नळीला आत कुठे फास पडलाय ते पडद्यावर दाखवणारे यंत्र आहे. इथे उलटे असते, आतल्या कॉइल क्षेत्र सोडतात आणि बाहेरचा सेन्सर ऐकतो. हायवेच्या अपघातांत मोडलेल्या मांडीत रॉड घालतात, त्याची खालची स्क्रूची भोके एक्स-रे न मारता सापडावीत म्हणूनही चुंबकीय माग काढतात. आणि २०२३ मध्ये कॅलटेक आणि एमआयटीच्या लोकांनी तुमचाच खेळ उलटा करून दाखवला: चुंबक गिळायचे नाही, सेन्सर गिळायचा. बाहेरच्या कॉइल एमआरआयसारखे जागोजागी वेगळे क्षेत्र तयार करतात, आतला सेन्सर स्वतःचा आकडा वाचून बाहेर कळवतो. प्रयोग डुकरांवर झाले. तुमच्या पुढच्या बॅचला ही दिशा द्या.

उलटे करण्याचे एक कारण सुरक्षिततेचेही आहे, आणि इथे मी जरा कडक बोलणार. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी "स्वतःवर एकदा ट्रायल" असे तीन शब्द आहेत. ते खोडा. एक चुंबक बहुधा सुखरूप बाहेर पडते. दोन गेली, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा, तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना धरतात, मधली भिंत चिमटते आणि तिला भोक पडते. लहान मुलांवर यासाठी बऱ्याचदा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय आपल्याकडे आतड्याच्या क्षयाने वाट अरुंद झालेले लोक आहेत ज्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो, त्यांच्यात कॅप्सूल अडकून बसते. आणि ती आत असताना कोणाला एमआरआयमध्ये घातले तर १.५ टेस्लाचे यंत्र ते चुंबक ओढून नेईल. माणसावर काही करायचे तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिक समितीची परवानगी, त्याआधी काही नाही. खोक्यात फिरवा, पाण्यात फिरवा, खाटकाकडून आतडे आणून त्यात फिरवा. गिळायचे नाही.

रुग्णाच्या नातेवाइकांना उलटी भीती असते, कॅथलॅबचे चुंबक हृदयाला काही करेल का. त्या कॉइलचे क्षेत्र रुग्णापाशी अगदी हलके, पृथ्वीच्या क्षेत्राच्याच आवाक्यातले. त्याने काही होत नाही. तुमचे निओडिमियम मात्र पेसमेकरवाल्या माणसाच्या छातीजवळ नेऊ नका, जवळच्या चुंबकाने पेसमेकरची काम करण्याची पद्धत बदलते.

तर या आठवड्यात एवढेच: पत्रा ताठ करा, पृथ्वीचे तीन अज्ञात समीकरणात घ्या, श्वास रोखलेला आणि चालू असे दोन आलेख काढा, तफावतीचा तिसरा. तिन्ही पाठवा. आणि पाठवलेल्या फोटोत मित्राच्या पोटावरच्या पट्ट्याला मला एक सेफ्टी पिन दिसतेय, दुसऱ्या सेन्सरच्या अगदी शेजारी. ती पोलादी असते. आधी ती काढा.